थोड्या वेळाने या

(लोणखेड्यातल्या एका कॉलेजची संगणक खोली. संध्याकाळचे सव्वासहा. मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या नवनीतसमोर शिपाई दोधू उभा आहे, आणि नवनीतला मान वर करवत नाही.)

दोधू : म्हंजे मेल उना, आनि मन्ही पोरनी सीट गई?

नवनीत : 'प्रवेशाला आज पाचच्या आत होकार कळवा' असं लिहिलंय, दोधूभाऊ. आणि मेल पोचला पाच चाळीसला.

दोधू : मंग त्यास्नीच उशिरा धाडा व्हई.

नवनीत : नाही हो. पुण्याच्या संस्थेतून सकाळी अकरालाच निघाला. स्वप्नालीचा मेलचा पत्ता कॉलेजचा, आणि आपल्याच सर्व्हरने तो आत घेतला नाही.

दोधू : स्वप्नालीना मेल? कसाले?

नवनीत : अनोळखी कोणी आलं की तो म्हणतो, थोड्या वेळाने या. खरा असतो तो परत येतो. फसवे थांबत नाहीत. गेल्या महिन्यात मीच बसवलं ते. तुम्ही रोज प्राचार्यांचे मेल छापून फायलीला लावता, त्यात लॉटरीचं पत्र भर सभेत वाचलं गेलं, आठवतं?

दोधू : माले काय इंग्रजी वाचता येस, सर?

नवनीत : तुम्हाला नाही बोलत. प्राचार्य मला म्हणाले, कडक बंदोबस्त कर. केला.

दोधू : पन त्या ते खरा लोके. परत नही उनात का?

नवनीत : आठ वेळा आले! मोठी संस्था, यंत्रं पुष्कळ. दर वेळी वेगळं यंत्र मेल घेऊन आलं. आपल्या सर्व्हरला वाटलं, हा नवाच कोणी. नवव्या खेपेला आधीचंच एक यंत्र आलं, तेव्हा कुठे घेतला.

दोधू : आमना ब्राह्मणपुरीमा नवा मानूस उना ते त्यानं तोंड नही देखतस. इचारतस, कोनता गावना?

नवनीत : तशीही पद्धत होती.

दोधू : मंग?

नवनीत : एक गाव बघणारी, म्हणजे मेल कुठल्या संस्थेचा ते; एक तोंड बघणारी, म्हणजे नेमकं कुठलं यंत्र ते. मी तोंडाची निवडली. जास्त कडक म्हणून.

दोधू : आते बदली टाका ना.

नवनीत : बदलली. पुण्याला फोनही केला. चूक आमची आहे, लेखी देतो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. पाच वाजून दहा मिनिटांनी जागा दुसऱ्या मुलीला गेली म्हणाले.

दोधू : दुपारले तुम्हीच म्हननात, ई जाई.

नवनीत : म्हणालो, येईल म्हणून. मला शिव्या तरी द्या, दोधूभाऊ.

दोधू : शिव्या दीसन काय व्हई, सर?

नवनीत : स्वप्नाली कुठंय?

दोधू : बाहेर पायरीवर बठेल शे. दुपारपाशीन तिले एकच सांगी ऱ्हायनू. घाबरू नको बेटा, नवनीत सर कैतरी करतीन.