दोन्ही कान दाखवा

—तसं नाही हो, आत या, तुम्हाला उन्हात उभं करायचं माझ्या मनात नाही, पण बसायच्या आधी ते गळ्यातलं कार्ड जरा इकडं करा. राग मानू नका. व्हय, फोटो तुमचाच आहे, पण फोटो काय, कुणीही चिकटवतं. मिस्बाह — म्हणजे ब्राह्मीच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम त्या तुम्हीच? लय नाव घ्यायची तुमचं. मिस्बाह मॅडम असं म्हणाल्या, मिस्बाह मॅडम तसं म्हणाल्या — मला वाटलं चाळिशीच्या बाई असतील, चष्मा-बिष्मा लावलेल्या. तुम्ही तर तिच्याच बरोबरीच्या दिसताय. थांबा, क्लासला एक फोन लावते. कार्डावरच्या नंबरला नाही हो — ज्याचं कार्ड खोटं त्याचा नंबर खरा कसा असेल? तिच्या वहीवर क्लासच्या बोर्डाचा नंबर लिहिलाय, त्याला लावते. — हॅलो, मी चंदनबाला, ब्राह्मीची आई, समडोळीवरनं — तुमच्याकडं मिस्बाह मॅडम — हां — आत्ता कुठं आहेत त्या? — आमच्याच गावाला आल्यात? स्कुटीवरनं? कुठल्या रंगाची? — बरं. नाही, काही नाही, ठेवते. — बसा. आता बसा. पाणी घ्या. उकळून, गाळून गार केलेलं आहे, आमच्यात तसंच असतं.

ब्राह्मी घरात नाही. सांगलीला कापडाच्या दुकानात जाते, साड्यांची बिलं करते. व्हय, बी.एस्सी. झालेली. तुम्ही असं तोंड करू नका, दुकान चांगलं आहे, मालक आमच्यातलेच आहेत, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी सोडतात. ती म्हणते मला हेच बरं आहे. म्हणते, कॉम्प्युटर तर तिथंपण आहेच की आई. — असं म्हणते अन् हसते. तुम्ही कशाला आलाय ते कळतंय मला. एक कोर्स सुटला, तर दुसऱ्याचं गिऱ्हाईक करायला. नाही? मग क्लासच्या मॅडम गिऱ्हाईक सोडून एवढ्या लांब येतात कशाला? आमच्या घरात येऊन कुणी फुकट काही देऊन गेलेलं मी तरी बघितलेलं नाही.

तुमच्या क्लासला मीच तिला घेऊन आले होते, पहिल्या दिवशी. तुम्ही नव्हता, तो टेबलावरचा होता — विश्वजीत सर का कोण — त्यानं तीन कागद पुढं मांडले, लग्नाच्या पत्रिकेसारखे गुळगुळीत. हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं अन् लोकांच्या अडचणी सोडवायचं, हे नेटवर्कचं, हे क्लाउडचं. ब्राह्मीला विचारलं, क्लाउड म्हणजे गं? म्हणाली, ढग. आता ढगाचं सर्टिफिकेट कोण देतं सांगा मला! तो म्हणाला, काकू, तिन्ही एकदमच घ्या, नोकरी शंभर टक्के. शंभर टक्के म्हटलं की मी तिथंच सावध झाले. अहो, आमचे मुनी महाराजसुद्धा मोक्षाचं शंभर टक्के सांगत नाहीत, ते पण 'पुरुषार्थ केलास तर' एवढंच म्हणतात. अन् ह्याच्या खिशात नोकरी तयार! मी कागद घेतले, घडी घातली, म्हटलं विचार करून सांगते. मग तुम्ही तिला जिन्यात गाठून सांगितलंत — सांगितलंत ना? — की सगळ्यात खालचं घे, एकच घे, ते पास हो, सहा महिने कुठंतरी काम कर, मग पुढचं आपोआप कळेल. मला ते पटलं. आमच्यात कुणी उठून एकदम आठ उपवास धरत नाही. आधी एकासन — दिवसातनं एकदा एका बैठकीला जेवायचं — ते झेपतंय का बघायचं, मग एक उपवास, मग दोन. पण पटलं अन् लगेच दुसरं मन म्हणालं, चंदने, ही बाई कमीतलं सांगतीय, हिचा ह्यात काय फायदा? लबाडाचा संशय कसा घ्यायचा ते मला येत होतं. खरं बोलणाऱ्याचा पण घेतला मी. घेतला की. तुमच्या तोंडावर सांगते.

अभ्यास? अभ्यास केलाच तिनं. चार महिने. मी तिच्यासाठी गूळ सोडला, पास होईपर्यंत. सोडून झालं, काय झालं नाही त्यानं, तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका.

परीक्षेचं काय विचारता? लाईट गेली. झालं. नेट गेलं, परीक्षा बंद पडली, पोरीचं मन उडालं. गावाकडं लाईट जाते, त्यात काय नवीन. — काय आहे तो कागद? इंग्रजीतला मला नका दाखवू, वाचून दाखवा. — कुणी लिहिलंय? परीक्षेच्या कंपनीनं? क्लासला पाठवलाय? काय म्हणून? — 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.' — व्यक्ती. कसली व्यक्ती? बाई का बाप्या, ते लिहिलंय का? — 'त्या व्यक्तीनं कॉम्प्युटर बंद केला.' हं. असेल त्यांच्या डोळ्यांना दिसलेलं. लांबनं काय दिसतंय त्यांना, कुठं बसलेले असतात कुणाला ठाऊक. — तिनं कॉपी केली असं लिहिलंय? स्पष्ट लिहिलंय? — संशय म्हणजे? म्हणजे माझ्या ब्राह्मीला पुन्हा कधीच परीक्षेला — कुठल्याच? त्यांच्या एकाही?

त्या पोरीनं आजपर्यंत दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटलेला नाही हो.

मी होते ती. व्यक्ती मी.

ऐका, सांगते, पण मधी बोलू नका, बोललात तर मला परत लाईट गेली असंच सांगावं वाटेल. आमच्या शेजारी लालासाहेब मास्तर आहेत, रिटायर झालेले, मोठे हुशार, निम्म्या गावाला गणित त्यांनी शिकवलेलं. त्यांना त्या व्हिडिओवरच्या खोट्या पोलिसानं दीड दिवस कोंडून ठेवलं, स्वतःच्याच खोलीत. डिजिटल अरेस्ट. दार लाव, कॅमेरा बंद करायचा नाही, खोली दाखव, कुणाला आत घ्यायचं नाही, माझ्याकडंच बघायचं. सूनबाई चहा घेऊन गेली तर मास्तर हातानंच 'जा जा' करत होते. पेन्शन गेली ती गेलीच, पण माणूस पारावर यायचा बंद झाला. तानुबाई, त्यांची बायको, मला रडत म्हणाली, "आगं चंदनबाला, म्या दारातच उबी हुते की गं, मला वाटलं मास्तर कामात हायती, म्या आत न्हाई गेले." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ठरवलं, आपल्या घरात असं कधी काही झालं, तर मी दारात उभी राहायची नाही.

अन् परीक्षा आली चतुर्दशीला. माझा उपवास. ब्राह्मी म्हणाली, आई, घरूनच द्यायचीय, दोन तास आत येऊ नको, कुणालाच येऊ देऊ नको. मी म्हटलं बरं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेले, अभिषेक झाला, उपाध्यांनी गंधोदक दिलं — भगवंताच्या अभिषेकाचं पाणी असतं हो ते, कपाळाला अन् डोळ्यांना लावायचं — चांदीच्या वाटीत घेऊन आले. तिच्यासाठीच आणलेलं. मनात आलं, एक बोट लावायला असा किती वेळ लागतोय? पाठमोरी असेल, हळूच लावीन, तिला कळणारपण नाही. दाराशी आले तर आत पुरुषाचा आवाज. हिंदीत. 'दोनों कान दिखाइए.' मी तिथंच थांबले. 'बाल पीछे कीजिए. आस्तीन ऊपर. कमरा दिखाइए. और कोई है? दरवाज़ा बंद है?' फटीतनं बघितलं तर माझी पोरगी केस मागं सारून एक कान दाखवतीय, दुसरा दाखवतीय, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, मग लॅपटॉप उचलून सगळ्या खोलीभर फिरवतीय, पलंगाखालचंसुद्धा दाखवतीय — अन् तोंडातनं शब्द नाही. तुम्हीच सांगा मॅडम. तुम्ही आई असता तर? मी आत गेले, फाडकन लॅपटॉप मिटला अन् ओरडले — "कोण रे तू? पोलिसात देईन!"

वाटी पडली. गंधोदक फरशीवर. ब्राह्मी ओरडली नाही, रडली नाही. खाली बसली अन् आधी ओढणीनं ते पाणी टिपून घेतलं, पाय पडू नये म्हणून. मग म्हणाली, "आई, ते परीक्षेचे साहेब होते गं."

तिचे ओठ हलत होते, ते कॅमेऱ्यातनं बघून त्यानं तपासणी लावलेली. ते नंतर कळलं. अवघड प्रश्न आला की ती मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणते — मीच शिकवलंय, बालवाडीत असल्यापासनं — मनातल्या मनात म्हणजे ओठ हलतातच. त्याला वाटलं कुणाला तरी उत्तर विचारतीय. म्हणजे सुरवातपण माझी अन् शेवटपण माझा. तिनं घरात सांगितलं लाईट गेली. तिच्या अप्पांना, तुम्हाला, सगळ्यांना. आईचं नाव कशाला म्हणून. मी ऐकलं अन् गप्प बसले. मौन धरलं म्हणजे काय खोटं बोललं असं होत नाही — असं म्हटलं मनाला. आमच्यात सत्याचं व्रत असतं, मी घेतलेलं आहे. मुनी महाराजांच्या समोर, हात जोडून.

काय? — तिनं उत्तर का पाठवलं नाही? कशाचं उत्तर? — कंपनीनं विचारलं होतं म्हणता. कधी? — फोनवर? तीनदा फोन केला असं लिहिलंय त्यात? वार, वेळ, सगळं?

बाई गं. ते पण लिहितात का?

...तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. ती अंघोळीला गेलेली. लांबचा नंबर. 'ब्राह्मीजी से बात हो सकती है? आपकी परीक्षा के बारे में—' मी म्हटलं, इथं कुणी ब्राह्मी नाही. पुन्हा आला तर म्हटलं, सायबर पोलिसात नंबर दिलाय तुझा. तिसऱ्यांदा त्या माणसानं लय अदबीनं विचारलं हो, 'माताजी, आप ही थीं क्या उस दिन?' मी नंबर ब्लॉकच केला. मला वाटलं, चोरच आहे, नाहीतर त्या दिवसाचं ह्याला कसं माहीत? बघा तुम्ही अक्कल माझी! ज्याला माहीत असायला पाहिजे त्यालाच माहीत होतं, म्हणून मी त्याला चोर ठरवला.

अन् चार दिवसांनी जेवताना ब्राह्मी तिच्या अप्पांना म्हणाली, "लाईट गेली तर निदान विचारायचं तरी त्यांनी. एक फोन करायला काय होत होतं? माणूस म्हणून एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." खोट्याच्या आडून खरं बोलत होती पोरगी. मी भाकरी वाढत होते. तेव्हा कळलं मला फोन कुणाचे होते ते. मॅडम, तेव्हा सांगायला पाहिजे होतं. भाकरी ताटात टाकून सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "भाजी घेतीस का आणखी?" दुसऱ्या दिवशी ती कापड दुकानात जाऊन विचारून आली. आज सोळा दिवस झाले. तिला अजून वाटतंय, जगात कुणी तिला विचारलंसुद्धा नाही.

हे तुम्हाला का सांगितलं मी? तुम्ही काय माझ्या जवळच्या नाही. कार्ड बघून आत घेतलेल्या. — टेप करत नाही ना? नाही, विचारलं आपलं. सवय लागलीय.

कंपनीला उत्तर द्यायची मुदत कधीपर्यंत आहे? — उद्या संध्याकाळी? मग परत बसू देतील? — हां, शंभर टक्के नाही म्हणता. बरं केलंत. तुम्ही शंभर टक्के म्हणाला असता तर मी आत्ता उठून दार दाखवलं असतं. काय काय लागेल? तिचं पत्र अन् माझं. मी मराठीत लिहिते, तुम्ही त्याचं इंग्रजी करा, पण शब्द माझे ठेवा. 'गैरसमज झाला' असं गुळगुळीत नको. लिहा, आईनं केलं. ओठ हलत होते ते देवाचं नाव होतं. तीन फोन आले ते आईनं तोडले, मुलीला सांगितलं नाही. सही चंदनबाला महावीर — पुढचं मी घालते.

नको! अहो, फोन खाली ठेवा. दुकानात फोन लावून तिला नका सांगू. — वेळ वाचेल, मला कळतंय वेळ वाचेल. पण पोरी, तिला हे तुझ्याकडनं कळलं तर ती तुझ्यासमोर रडेल अन् घरी येऊन माझ्यासमोर हसेल. तिला तेच येतं. मग ती जन्मभर माझ्यासमोर हसतच राहील, अन् मला कधीच कळणार नाही की मनातनं तिनं मला— नाही. हे तिला माझ्या तोंडून कळायला पाहिजे. तुम्ही पत्राचं बघा. ती ओरडली तर ओरडू दे. एकदा तरी ओरडू दे माझ्यावर.

आली वाटतं. फाटक वाजलं. — उठा तुम्ही. अहो, मागच्या दारानं कशाला, समोरनंच जावा, तुम्ही काय चोरी केलीय? तिनं विचारलं तर काही बोलू नका, आई सांगेल म्हणा. तो कागद असू दे, इथंच, माझ्या मांडीवर.

ब्राह्मे, ये. पर्स ठेव खाली. व्हय, तुझ्याच मॅडम आहेत, निघाल्यातच त्या. हात-पाय नंतर धू, ताट पण नंतर. इथं बस, माझ्यासमोर. माझ्याकडं बघ अन् हसू नको.

मॅडम, जावा तुम्ही.