एकाच वेळी आठ कामं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय विमलाबाई, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका बिलकिस मॅडम, भजनी मंडळाच्या भगिनी आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती माझी भाडेकरू स्नेहल, सर्वांना माझा नमस्कार. मी ललिता, शिक्षण मॅट्रिक, मंडळाचा हिशेब ठेवते. संगणकावर बोलायला मी उभी राहीन, असं काळारामालाही वाटलं नसेल.

मॅडमच्या शाळेतले जुने संगणक सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत चालू झाले नाहीत, तर भंगारात जाणार होते. त्यांना पेलेल अशी ऑपरेटिंग सिस्टिम स्नेहल तयार करत होती. तिचे हजारो तुकडे संगणकानं एकामागून एक बनवायचे, म्हणजे कंपाइल करायचे, तर दोन दिवस लागत. आपल्याकडे वीज तेवढी टिकते का? गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

मग तिनं आठ-आठ तुकडे एकाच वेळी करायला लावले. काम झपाट्यानं व्हायचं, पण मध्येच अडायचं. तेही रोज नाही.

मी विचारलं, "अगं, एकेक केलं तर होतं, मग सगळं मिळून केलं की का बिघडतं?"

"काकू, तुम्ही एकट्या मोदक करता, तेव्हा सारण आधीच झालेलं असतं. चौघी बसल्या आणि वळणारीला कुणी थांब म्हटलंच नाही तर?"

"रिकामे वळेल. आमच्या सिंधुबाईंनी वळलेत."

सिंधुबाई, रागावू नका.

"तसंच हे. एका तुकड्याला दुसरा आधी लागतो, हे कुठे लिहिलेलंच नाही."

पण हजारांतून तो शोधायचा कसा? मी रामरक्षा म्हणायचे, ती पडद्याकडे बघत बसायची. अखेर सापडला. तिनं 'आधी हा, मग तो' अशी एक ओळ लिहिली आणि सगळं सुरळीत पार पडलं.

"झालं ना? कर आता बंद."

"नाही काकू. एकदा जमलं ते नशीबही असेल."

मी विजेच्या मीटरकडे पाहिलं. तिनं पुन्हा पुन्हा चालवून बघितलं, तेव्हा कुठे मॅडमना फोन केला.

शाळा उघडली त्या दिवशी स्नेहल, आता ज्या नोकरीसाठी निघाली आहे तिच्या मुलाखतीला, पुण्यात होती. मी मुद्दाम गेले. पडदा उजळला, तशी एक मुलगी मॅडमना म्हणाली, "हे आतून उघडून बघता येतं?" स्नेहल, पोरी, ते ऐकायला तू हवी होतीस.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझ्या सांगण्यात काही चुकलं असेल, तर मोठ्या मनानं घ्या, आणि स्नेहलची गाडी सुटायच्या आत तिच्याकडून दुरुस्त करून घ्या.