कॅरमची नोटीस

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत आम्ही चौघी बायका रोज दुपारी स्पोर्ट्स रूममध्ये कॅरम खेळतो. परवा सेक्रेटरी सावंत आले आणि म्हणाले, “काकू, बोर्ड उचला. ही स्पोर्ट्स रूम आहे. कॅरम हा स्पोर्ट नाही, गेम आहे. घाम येतो तो स्पोर्ट.”

मी म्हटलं, “नख निळं पडतं, ते चालेल का?”

“नियम म्हणजे नियम. नोटीस लावतो.”

माझी पार्टनर कुसुम मूळची इथल्याच सारसोळे गावची, बोलणंही तिथलंच. ती बोर्डावरची नजर न काढता म्हणाली, “मराठीत लावा. मना इंग्रजी वाचता येत नाय.”

सावंत तिथेच खुर्ची ओढून लिहायला बसले. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, मग रुमालाने कपाळ पुसलं. शेवटी मीच कागद घेऊन मोठ्याने वाचला, “या खोलीत फक्त खेळ खेळावेत. कॅरम हा खेळ नसून खेळ आहे.”

तेवढ्यात कुसुमने राणी घेतली, लगेच कव्हरही घेतलं.

मी कागद परत दिला. म्हटलं, “सावंत, घाम तुम्हाला आलाय. म्हणजे नोटीस लिहिणं हा स्पोर्ट झाला. तुम्ही इथेच बसून लिहीत राहा, बोर्ड काही हलणार नाही.”