दुसरा प्याला

भुसावळ स्टँडवर जळगावच्या गाडीची रांग. माझ्यापुढे एक तरुण पाळक आणि त्यांच्या चर्चमधली एक म्हातारी.

"सालोमीअक्का, धर्मप्रांताच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन प्याल्यांचं नको."

"का? प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाला मिशनरी साहेबांचा प्याला चांदीचा होता, आपल्या लोकांचा पितळेचा. माझी आजी त्यातूनच प्यायची. बठ्ठं लिहा, काही सोडू नका."

"रविवारी प्रभुभोजनाला बिशप येतायत. सोहळा आहे."

"म्हणून खोटं छापायचं?"

"खोटं नाही, फक्त गाळायचं. तो पितळेचा आता आहे तरी कुठे?"

"माझ्या घरी. परवाच कल्हई करून आणला."

"कल्हई कशाला?"

"प्रभूचं मेज दर रविवारी कोण मांडतं, भाऊ?"

"तुम्हीच."

"मग या रविवारी चांदीचा कपाटातच राहील."