काढलेल्या कार्डाचं उत्तर

जमलेल्या सगळ्या काका-काकींनो, बंदरावरच्या मंडळींनो,

नानाकाकांबद्दल मी बोलावं असं काकी म्हणाली. मला सभेत बोलायची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी शाळेत जायच्या आधीपासून काकांकडे शिकले. ओट्यावर उघडा कॉम्प्युटर, समोर मी. ते सांगायचे, आत खोचलेल्या या सगळ्या कार्डांना बोलायला तारांची वाट एकच. तिला बस म्हणतात. मग हसून म्हणायचे, "देवाच्या गाऱ्हाण्यात सगळे एकदम 'होय म्हाराजा' म्हणतत. हय तसा चलाचा नाय गो. हय जेका हाक मारली, तेनाच बोलूचा."

तुम्हाला माहीत आहे, बर्फ कारखान्यातलं जुनं मशीन, टाकीवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर, महिनाभर बिघडलं होतं. टाकीचं तापमान भलतंच दाखवायचं. बर्फ मऊ निघायचा, होड्या खोळंबायच्या. काका म्हणाले, "एकाच हाकेक दोघां एकदम बोलतत. दुसरो कोण, ता सापडाक व्हया." एकेक कार्ड बदलून पाहिलं. पंधरवड्यापूर्वी कारखान्यातून घरी आले, चहा मागितला. काकी कप घेऊन आली तेव्हा ते गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर कारखान्याच्या मालकांनी मला विचारलं, "मशीन दुरुस्त करूक तुका जमात?" मी म्हटलं, बघते.

तापमानाचं कार्ड मी काढून टेबलावर ठेवलं. तारांवरची ये-जा दाखवणारं काकांचं यंत्र जोडलं. आणि त्याच कार्डाच्या पत्त्यावर, म्हणजे त्याला ठरवून दिलेल्या क्रमांकावर, हाक मारली.

उत्तर आलं.

कार्ड माझ्यासमोर टेबलावर होतं. मग बोललं कोण? मी पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर. मी बाकीची कार्डंही काढली. तरी उत्तर. खरं सांगते, मी हात मागे घेतला. खोलीत काकांच्या तपकिरीचा वास होता. दुपारची वेळ, बाहेर माणसं बोलत होती, तरी मला भीती वाटली.

मग समजलं. प्रिंटरची एक जोडणी मूळ पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवरच, पक्की बसवलेली होती. ती काढता येतच नाही. बॅटरी संपली, मशीन आपली जुळणी, म्हणजे सेटिंग, विसरलं, आणि कधीकाळी बंद केलेली ती जोडणी पुन्हा बोलू लागली. नेमकी तापमानाच्या कार्डाच्याच पत्त्यावर. मी बॅटरी बदलली, ती जोडणी बंद केली आणि कार्डं परत बसवली. काकांना हे सापडलं असतं का? असतं, असं म्हणायला मला आवडेल. पण मला माहीत नाही, म्हणून म्हणत नाही.

काल मालकांनी दारातून विचारलं, "झाला काय गो? बर्फ सुरू करू मा?"

आजवर असं कोणी विचारलं की मी काकांकडे बघायची. ते मान हलवायचे, मग मी बोलायची. कालही मी मागे वळले. मागे भिंत होती. मालक थांबले होते.

मग म्हटलं, "हो. करा."

आपण थोडा वेळ शांत उभे राहूया. नानाकाका, नमस्कार करते.