मागून ‘अहो, हळू’ आलंच नाही

पहिल्यांदा काय खटकलं सांगू? बाबांनी दोन ट्रक एकदम मागे टाकले आणि मागच्या सीटवरून ‘अहो, हळू!’ आलं नाही. आमची आई कामोठ्याहून तुर्भ्याला जातानासुद्धा हे म्हणते. इथे तर ऑस्ट्रियाचा घाट, गाडी भाड्याची आणि स्टिअरिंग डावीकडे.

"बाबा, आई गप्प का आहे?"

"झोपली असेल. झोपू दे गं बाई, जरा शांतता आहे."

मी मागे वळून शाल ओढली. चोरांना दिसू नयेत म्हणून आई प्रत्येक थांब्यावर बॅगांवर शाल पांघरते. खाली बॅगाच होत्या. आई नव्हती. मी अशी किंचाळले, की बाबांनी गाडी रस्त्याकडेच्या गवतात घातली.

"पेट्रोल पंपावर राहिली!"

"तूच म्हणालीस ना, सगळे बसले?"

"मला शाल दिसली हो!"

बाबांनी गाडी वळवली. मी फोन लावत सुटले. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. परका देश, तिला तिथली भाषा येत नाही, पासपोर्ट माझ्याकडे. माझ्या डोक्यात आई केव्हाच पोलीस चौकीत रडत बसली होती.

"रडू नकोस," बाबा म्हणाले, "काळजी त्या पोलिसांची कर."

शेवटी एकदाचा फोन उचलला.

"आई! कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? पंपावर, आपल्या गाडीत! तुम्ही दोघं कुठे उंडारताय? इथे एक गोरं जोडपं येऊन पुढे बसलंय. मी चकल्या दिल्या. दोघं हसतात, खातात, पण उतरायचं काही नाव घेत नाहीत!"