दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जीपला मारलं

तुमच्यापैकी कुणी कधी गाडीला मारलंय का? मी मारलंय, तेही दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी.

लॉकडाऊन होता. आई नर्स आहे आणि तिला ड्यूटीवर सोडायला आम्ही निघालो होतो. ती पोहोचल्याशिवाय तिच्या आधीच्या नर्सला घरी जाता येणार नव्हतं. आणि आयर्लंडमधल्या आमच्या मेनूथ गावाबाहेरच्या चिखलाच्या रस्त्यावर बाबांची जुनी जीप बंद पडली.

शेजारच्या शेतातले आयरिश आजोबा कुंपणाशी आले. मास्क लावून, लांबूनच म्हणाले, "फ्युएल पंप अडकलाय. एकाने चावी फिरवा, दुसऱ्याने खालून टाकीवर लाकडाने ठोका."

"अहो, कालच पूजा केलीय हिची!" आई बाबांना म्हणाली. "आज लाकडाने हाणायचं?"

"मग तू ओवाळून सुरू कर," बाबा म्हणाले.

बाबा चावीपाशी बसले, आई युनिफॉर्ममध्ये होती, म्हणून लाकूड माझ्या हातात आलं.

"जोरात!" आजोबा ओरडले.

"हळू गं!" आई ओरडली.

कुणाचं ऐकायचं तेच मला कळेना. शेवटी डोळे मिटून हाणलं आणि इंजिन गुरगुरलं.

आईने आधी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. आजोबा गोंधळले. "आता तर सुरू झाली ना? मग ही काय करतेय?"

मला समजावता येईना. "गाडीला सॉरी म्हणतेय," मी हळूच म्हणाले.

आजोबांनी जीपकडे पाहिलं आणि टोपी काढली. "मग माझंही सांग तिला. मारायला मीच सांगितलं होतं."